ऑनलाइन छळ आणि प्रत्यक्षातली दादागिरी: तोंड देण्याचा क्रम वेगळा का असावा

शाळेच्या मैदानावर, वसतिगृहाच्या खोलीत किंवा कचेरीच्या कँटीनमध्ये होणारी दादागिरी असो, नाहीतर मोबाइलवर येणारे घाणेरडे संदेश असोत, आपल्याकडे दोन्हींवर एकच सल्ला दिला जातो: ‘लक्ष देऊ नकोस, आपोआप थांबेल.’ हा सल्ला देणाऱ्याची सोय होते, त्रास होणाऱ्याची नाही. दुसरा ठरलेला सल्ला याच्या अगदी उलट, म्हणजे ‘तिथल्या तिथे ठणकावून सांग’ असा असतो. तो प्रत्यक्षातील प्रसंगात बऱ्याचदा उपयोगी पडतो, पण ऑनलाइन प्रसंगात तोच अंगलट येतो. पुढील मार्गदर्शन या फरकावर उभे आहे. समोरासमोरच्या छळात आधी बोलावे आणि लगेच लिहून ठेवावे. ऑनलाइन छळात आधी पुरावा जपावा, मग तक्रार करावी, आणि उत्तर द्यायचेच असेल तर ते सर्वात शेवटी द्यावे.

पहिली पायरी: त्रास देणाऱ्याचे बळ कुठून येते ते ओळखा

नॉर्वेतील मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी १९७० च्या दशकापासून शाळकरी मुलांमधील दादागिरीचा अभ्यास केला आणि तिची तीन लक्षणे सांगितली: जाणूनबुजून दिलेला त्रास, त्याची पुनरावृत्ती आणि दोन बाजूंच्या ताकदीतील तफावत. वर्गातील आडदांड मुलगा, वसतिगृहातील सीनियर किंवा कार्यालयातील वरिष्ठ यांना ही लक्षणे सहज लागू होतात. तिथे बळ येते ते शरीर, पद, वय, जात, पैसा किंवा टोळके यांतून, आणि तो प्रकार विशिष्ट जागेला बांधलेला असतो. ती जागा सुटली की निदान काही तासांची उसंत मिळते.

ऑनलाइन छळात ही लक्षणे विस्कटतात. कुणीतरी एकदाच एक फोटो टाकतो आणि दोनशे जण तो पुढे पाठवतात. मूळ माणसाने कृती एकदाच केली, तरी सोसणाऱ्याला ती दोनशे वेळा सोसावी लागते. ताकदीची तफावतही उलटीपालटी होते, कारण फेक अकाउंटच्या आड बसलेला पहिल्या वर्षाचा विद्यार्थी प्राध्यापकालाही हैराण करू शकतो. इथे बळ येते ते लपण्याच्या सोयीतून आणि बघ्यांच्या गर्दीतून. त्यामुळे आपल्या बाबतीत नेमके काय चालले आहे, हे ठरवताना ‘हे ऑनलाइन आहे का?’ एवढाच प्रश्न पुरत नाही. समोरच्याला पदाचा आधार आहे, की अनामिकतेचा, की गर्दीचा, हे आधी पाहावे. पद असेल तर त्याच्या वरच्या पदाकडे जावे लागते, अनामिकता असेल तर तांत्रिक पुरावा लागतो, आणि गर्दी असेल तर तिला मिळणारे खाद्य तोडावे लागते.

बहुतेक प्रकरणांत या गोष्टी मिसळलेल्या असतात. महाविद्यालयांच्या नावाने इन्स्टाग्रामवर चालणारी ‘कन्फेशन’ पाने घ्या. विद्यार्थी निनावी मजकूर पाठवतात, पान चालवणारा तो प्रसिद्ध करतो. एखाद्या मुलीचे नाव न घेता ‘टीवायची, निळ्या स्कूटीवाली’ एवढेच लिहिले जाते, आणि खाली तिचेच वर्गमित्र एकमेकांना टॅग करत हसण्याच्या इमोजींची रांग लावतात. नाव नसले तरी वर्गातल्या प्रत्येकाला ती कोण ते ठाऊक असते, आणि दुसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये तीच टिंगल तोंडी सुरू होते. अशा वेळी पान चालवणाऱ्याविरुद्ध एक आणि पार्किंगमधल्या टोळक्याविरुद्ध दुसरी, अशा दोन आघाड्या एकाच वेळी सांभाळाव्या लागतात, आणि दोन्हींचे मार्ग वेगळे असतात.

दुसरी पायरी, समोरासमोरच्या छळासाठी: एक वाक्य आणि एक वही

प्रत्यक्ष प्रसंगात बोलायचे ते थोडक्यात आणि कृतीचे नाव घेऊन बोलावे. ‘मला त्रास देऊ नकोस’ या वाक्यावर ‘मी काय केले?’ असे उत्तर तयारच असते. ‘माझ्या वडिलांच्या धंद्यावरून बोलणे बंद कर’ किंवा ‘सर, मीटिंगमध्ये मला या नावाने हाक मारू नका’ असे म्हटले की पळवाट राहत नाही, आणि ऐकणाऱ्यांनाही आपण नेमके काय ऐकले ते आठवते. शक्य असेल तेव्हा हे चारजणांत म्हणावे. आरडाओरडा, प्रतिटोमणा आणि विशेषतः धक्काबुक्की टाळावी, कारण नंतर चौकशीत ‘दोघांचे भांडण’ म्हणून प्रकरण मिटवले जाते. मात्र मारहाणीचा धोका असेल, समोरचा दारूच्या नशेत असेल किंवा आपण एकटे असू, तर एकही शब्द न बोलता तिथून निघून जाणे हेच शहाणपणाचे आहे, आणि संकट अंगावर आलेच तर ११२ हा क्रमांक आहे.

त्यानंतरचे काम वहीचे. प्रत्यक्षातील छळाचा पुरावा आपोआप तयार होत नाही; तो आपल्यालाच घडवावा लागतो, आणि तो त्याच दिवशी लिहिलेला असला तर त्याला वजन येते. नोंद अशी असावी: ‘मंगळवार, दुपारी १.२० च्या सुमारास, दुसऱ्या मजल्यावरच्या जिन्यात. तिघांनी वाट अडवली. त्यांपैकी एक म्हणाला, “डबा उघड, बघू आज कुठला रेशनचा तांदूळ आणलास.” मागे वर्गातल्या दोन मुली उभ्या होत्या. मी उत्तर न देता वर्गात गेलो. २.१० ला वर्गशिक्षकांना सांगितले. ते “बघतो” म्हणाले.’ यात विशेषणे नाहीत, ‘नेहमीच’ आणि ‘सगळेच’ असे शब्द नाहीत, आणि बोललेले शब्द जसेच्या तसे अवतरणात आहेत. जखम झाली असेल तर फोटो काढावा आणि सरकारी रुग्णालयातून वैद्यकीय नोंद करून घ्यावी.

अशा काही नोंदी जमल्या की लेखी अर्ज द्यावा. अर्जाच्या दोन प्रती काढून एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यावा, म्हणजेच पोच घ्यावी. तोंडी तक्रारीला संस्थेच्या दृष्टीने जवळजवळ अस्तित्वच नसते. कारकून पोच देण्यास टाळाटाळ करत असेल तर तोच अर्ज संस्थेच्या ईमेलवर आणि स्पीड पोस्टाने पाठवावा.

अर्ज कुणाकडे द्यायचा, हे जागेवर अवलंबून असते. महाराष्ट्रातील शाळांमध्ये २०२२ च्या शासन निर्णयानुसार विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती अपेक्षित आहे. मुख्याध्यापकांना उद्देशून लिहिलेल्या अर्जाची प्रत समितीलाही द्यावी. त्रास देणारा शिक्षकच असेल, तर शिक्षण हक्क कायद्याचे कलम १७ शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई करते, हे अर्जात लिहावे. महाविद्यालयात महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध अधिनियम, १९९९ लागू आहे. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे, आणि तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची आहे. यूजीसीची रॅगिंगविरोधी हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ ही आहे. कार्यालयात लैंगिक स्वरूपाचा छळ होत असेल, तर २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असली पाहिजे. महिला कर्मचाऱ्याने शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यायची असते, आणि सबळ कारण असल्यास समिती ही मुदत आणखी तीन महिने वाढवू शकते. लैंगिक नसलेल्या, निव्वळ वरिष्ठाच्या दादागिरीसाठी मात्र आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही. तिथे वही, ईमेल आणि सहकाऱ्यांची साथ यांवरच भिस्त ठेवावी लागते, ही खेदाची गोष्ट आहे.

तिसरी पायरी, ऑनलाइन छळासाठी: ब्लॉक करण्याआधी जपा

पहिली ऊर्मी ब्लॉक करण्याची किंवा सणसणीत उत्तर देण्याची असते. दोन्ही थोडा वेळ आवरावे. उत्तर दिले की समोरचा सावध होतो, मजकूर काढून टाकतो, अकाउंटचे नाव बदलतो, आणि आपल्या रागाच्या उत्तराचा स्क्रीनशॉट मात्र गावभर फिरवतो. आधी केलेल्या ब्लॉकमुळे पुढचा मजकूर आपल्याला दिसेनासा होतो, पण इतरांना तो दिसतच राहतो.

स्क्रीनशॉट घेताना तो कापू नये, त्यावर लाल वर्तुळे काढू नयेत, इमोजी चिकटवू नयेत. अकाउंटचे पूर्ण नाव, तारीख, वेळ आणि मजकूर एका चौकटीत दिसला पाहिजे. त्याच्या जोडीला त्या पोस्टची आणि त्या प्रोफाइलची लिंक कॉपी करून एका फाइलमध्ये साठवावी. ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि तक्रार अर्धवट राहण्याचे ते एक मोठे कारण असते. प्रोफाइलवरचे दिसणारे नाव कुणीही काहीही ठेवू शकतो, पण लिंकवरून अकाउंटचा माग काढणे सोपे जाते. आपोआप नाहीसे होणारे संदेश किंवा स्टोरी असेल, तर दुसऱ्या फोनने पहिल्या फोनच्या पडद्याचे सलग चित्रीकरण करावे. व्हॉट्सअॅपवर चॅट एक्सपोर्ट करून ती फाइल स्वतःलाच ईमेल करावी. धमकीचा ईमेल आला असेल तर तो फॉरवर्ड न करता मूळ स्वरूपात मेलबॉक्समध्येच ठेवावा, कारण पाठवणाऱ्याचा तांत्रिक तपशील त्याच्या हेडरमध्ये असतो.

ज्या फोनवर हे सारे आले, तो फोन विकू नये, फॉरमॅट करू नये, एक्स्चेंजमध्ये देऊ नये. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याची प्रत न्यायालयात देताना तिच्यासोबत प्रमाणपत्र लागते, आणि मूळ उपकरण हाताशी असले की ते काम सुकर होते. ट्रूकॉलरवर दिसलेले नाव हा पुरावा नव्हे. तो फार तर संशयाचा धागा आहे.

इथे एक गंभीर अपवाद आहे. अठरा वर्षांखालील व्यक्तीचे अश्लील चित्र किंवा व्हिडिओ फिरत असेल, तर त्याचा स्क्रीनशॉट घेऊ नये आणि ‘पुरावा म्हणून’ कुणालाही पाठवू नये. असा मजकूर जवळ बाळगणे किंवा पुढे पाठवणे हाच गुन्हा ठरू शकतो. फक्त लिंक, अकाउंटचे नाव आणि वेळ कागदावर लिहून घेऊन थेट पोलिसांकडे जावे.

पुरावा जपून झाला की रिपोर्ट करावे, आणि नंतर ब्लॉक करावे. इन्स्टाग्रामवर ब्लॉकच्या अलीकडे ‘रिस्ट्रिक्ट’ हा एक पर्याय आहे. त्यात त्या माणसाच्या नव्या कमेंट त्याला दिसतात, पण आपण मान्यता दिल्याशिवाय इतरांना दिसत नाहीत, आणि आपण काही केले आहे याचा त्याला सुगावाही लागत नाही. रोज वर्गात किंवा सोसायटीत भेटणारा माणूस असेल, तर ब्लॉकपेक्षा हा मार्ग अनेकदा बरा पडतो.

चौथी पायरी: कंपनीकडे आणि पोलिसांकडे

ॲपमधले ‘रिपोर्ट’चे बटण आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे केलेली तक्रार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार प्रत्येक समाजमाध्यम कंपनीला असा अधिकारी नेमून त्याचा संपर्क प्रसिद्ध करावा लागतो. स्वतःचा नग्न किंवा खासगी फोटो, अथवा चेहरा चिकटवून केलेले बनावट चित्र फिरत असल्याची तक्रार त्या व्यक्तीने केल्यास ते काढण्यासाठी या नियमांत मुळात २४ तासांची मुदत घातलेली होती. तक्रारीत ‘हा माझा फोटो आहे व माझी संमती नाही’ असे स्पष्ट शब्द असावेत. दाद लागली नाही तर २०२३ पासून केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ३० दिवसांत ऑनलाइन अपील करता येते. प्रौढ व्यक्तीचे खासगी फोटो पसरण्याची भीती असेल, तर स्टॉपएनसीआयआय या संकेतस्थळावर फोटो न चढवता केवळ त्याचा डिजिटल ठसा तयार होतो, आणि त्यात सहभागी असलेल्या कंपन्या तो ठसा वापरून फोटो रोखू शकतात. अल्पवयीनांसाठी ‘टेक इट डाउन’ ही तशीच वेगळी सेवा आहे.

पोलिसांकडे जाताना एक विरोधाभास ध्यानात ठेवावा. रस्त्यात दिलेली शिवी किंवा साधी धमकी बहुधा अदखलपात्र ठरते, ठाण्यात ‘एनसी’ नोंदवून पाठवणी होते, आणि दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास होत नाही. याउलट आपला फोटो वापरून केलेले फेक अकाउंट, संमतीविना पसरवलेले खासगी चित्र किंवा अश्लील मजकूर हे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या अनुक्रमे ६६-सी व ६६-डी, ६६-ई आणि ६७ व ६७-ए या कलमांखाली येतात, आणि ते दखलपात्र गुन्हे आहेत. ‘ऑनलाइनच तर आहे, मोबाइल बंद ठेवा’ असे म्हणून कुणी परत पाठवू लागले, तर हे नम्रपणे सांगावे. या कायद्याखालचा तपास पोलीस निरीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो, म्हणून ठाण्यात निरीक्षक कधी असतात ते विचारून जावे. एक हेलपाटा वाचतो.

भारतीय न्याय संहितेचे कलम ७८ स्त्रीचा पाठलाग करण्याबद्दल आहे, आणि पुरुषाने तिच्या इंटरनेट किंवा ईमेल वापरावर पाळत ठेवणेही त्यात येते. कलम ७९ स्त्रीच्या विनयशीलतेचा अवमान करणाऱ्या शब्दांबद्दल व हावभावांबद्दल, आणि कलम ३५१ धमकीबद्दल आहे. धमकी नाव लपवून दिली असेल तर शिक्षा वाढते. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात रद्द केलेले माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-ए हे कलम मात्र अर्जात लिहू नये. ‘आक्षेपार्ह’ या एका सैल शब्दावर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुक पोस्टवरून अटक झाली होती, आणि त्याच प्रकारांतून ते प्रकरण न्यायालयात गेले. नुसती झोंबणारी टीका आणि छळ यांत फरक आहे, आणि तो आपल्याला न आवडणाऱ्या लेखनाबाबतही पाळला पाहिजे.

ऑनलाइन तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर, म्हणजे सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन येथे करता येते. महिला व बालकांसंबंधीच्या लैंगिक मजकुराची तक्रार तिथे नाव न देताही करता येते, पण पुढे गुन्हा दाखल व्हावा असे वाटत असेल तर नाव द्यावे. व्हिडिओ कॉल रेकॉर्ड करून पैसे उकळण्याचा प्रकार असेल, तर एक पैसाही देऊ नये, कारण पहिल्या हप्त्यानंतर मागणी वाढतेच. पैसे गेलेच असतील तर तत्काळ १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करावा. हद्दीचे कारण पुढे करून कुणी परत पाठवत असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार कोणत्याही ठाण्यात ‘झिरो एफआयआर’ नोंदवता येतो. एफआयआरची प्रत विनामूल्य मिळते, ती मागून घ्यावी. ठाण्याने नोंदवायला नकार दिला, तर पोलीस अधीक्षकांना किंवा शहरात आयुक्तालयाला लेखी कळवावे. काढलेला मजकूर आणि बंद झालेल्या अकाउंटची माहिती कंपन्यांनी १८० दिवस जपावी असा नियम आहे, त्यामुळे ‘परीक्षा झाल्यावर बघू’ म्हणणे महागात पडू शकते.

पाचवी पायरी: गर्दी आली तर

ट्रोलधाडीत एक माणूस दोषी नसतो, शेकडो असतात, आणि प्रत्येकावर तक्रार करणे अशक्य असते. अशा वेळी अकाउंट काही दिवस खासगी करावे, कमेंट बंद किंवा परिचितांपुरत्या ठेवाव्यात, आणि फोन एखाद्या विश्वासू मैत्रिणीकडे किंवा भावाकडे द्यावा. त्या व्यक्तीने सर्व वाचून फक्त तीन प्रकार वेगळे काढावेत: जिवाची किंवा बलात्काराची धमकी, पत्ता अथवा फोन नंबर उघड करणारा मजकूर, आणि वारंवार येणारी तीच ती अकाउंट्स. बाकी सारे सोडून द्यावे. खुलासा करायचाच असेल तर एकदाच, एका पोस्टमध्ये करावा आणि त्याखाली वाद घालू नये.

सोसायटीच्या किंवा नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधली गोष्ट आणखी वेगळी, कारण तिथली गर्दी ओळखीची असते. ॲडमिनला खासगीत लिहून तो संदेश काढायला सांगावे. ग्रुपमधील कुणाचाही संदेश आता ॲडमिनला काढता येतो. त्याला तुरुंगाची भीती मात्र घालू नये. सदस्याने टाकलेल्या मजकुराबद्दल, समान हेतू असल्याशिवाय, ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटले आहे. गप्प बसलेल्या सदस्यांचा वाटाही इथे मोठा असतो. ग्रुपवर एखाद्या काकांनी ‘हा विषय इथे नको’ एवढे लिहिले, तरी टवाळीचा जोर ओसरतो. तेवढेही लिहिणे जड जात असेल तर निदान हसण्याची इमोजी टाकू नये आणि त्रास होणाऱ्याला वेगळा फोन करावा.

मुलांच्या बाबतीत

मूल गप्प राहते त्यामागे बऱ्याचदा छळणाऱ्याची भीती कमी आणि घरच्यांची जास्त असते. सांगितले की फोन काढून घेतला जाईल, क्लास बंद होईल, किंवा बाबा थेट समोरच्या मुलाच्या घरी भांडायला जातील, हे त्याला माहीत असते. म्हणून पालकांनी पहिल्याच बोलण्यात ‘फोन तुझ्याकडेच राहील’ असे सांगावे आणि ते पाळावे. प्रत्येक पुढचे पाऊल, मग ते शाळेत जाण्याचे असो की ठाण्यात, मुलाला आधी सांगून उचलावे. अल्पवयीन मुलाचा लैंगिक छळ झाला असेल, तर पॉक्सो कायद्यानुसार त्याची माहिती असलेल्या प्रौढावर ती पोलिसांना कळवण्याचे बंधन आहे. ‘मुलीचे नाव खराब होईल’ या कारणाने गप्प बसण्याची मुभा शाळेलाही नाही. १०९८ ही बालकांसाठीची हेल्पलाइन आहे. झोप उडणे, जेवण टाकणे, शाळेत जाण्याच्या वेळी रोज पोट दुखणे किंवा ‘मी नसतो तर बरे झाले असते’ असे बोलणे दिसले, तर तक्रारीची कागदपत्रे बाजूला ठेवून आधी टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे.

तडजोडीची वेळ आली तर

महाविद्यालयांत आणि सोसायट्यांत बरीच प्रकरणे माफीनाम्यावर येऊन थांबतात, आणि ज्याला त्रास झाला त्याचीच तशी इच्छा असेल तर त्यात गैर काही नाही. केवळ ‘झाल्या प्रकाराबद्दल दिलगीर आहे’ असा कागद मात्र घेऊ नये. कोणत्या तारखेला, कोणत्या अकाउंटवरून किंवा कोणत्या ठिकाणी, काय केले ते त्यात नमूद असावे. मजकूर व त्याच्या सर्व प्रती नष्ट केल्याचे, नवे अकाउंट न काढण्याचे आणि इतरांमार्फत संपर्क न साधण्याचे लेखी आश्वासन असावे. आणि खाली संस्थाप्रमुखाची किंवा दोन साक्षीदारांची सही असावी. बलात्काराची धमकी, पॉक्सोखालील प्रकार किंवा पैशाची खंडणी यांत अशी तडजोड कुणी सुचवली, तर नकार द्यावा. माफीनामा झाल्यावरही पुराव्याची एक प्रत पेनड्राइव्हवर आणि एक ईमेलमध्ये ठेवावी, कारण एक वर्षाहून अधिक आणि तीन वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांची दखल घेण्यासाठी कायद्याने तीन वर्षांची मुदत दिलेली असते, आणि त्या काळात तेच अकाउंट नव्या नावाने परत आले तर जुनी फाइल लागते.